ट्रेलरचे ब्रेक किती अँपिअर ओढतात?

पिकअपच्या डॅशबोर्डवर ‘ट्रेलर जोडला आहे’ असा संदेश आला म्हणजे ट्रेलरचे ब्रेक नीट लागतात, असं समजू नये. ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या ब्रेकमध्ये विजेचा एक मॅग्नेट असतो. चारपैकी एकच मॅग्नेट शाबूत असला तरी बहुतेक कंट्रोलरचं (ट्रेलरच्या ब्रेकना वीज पाठवणाऱ्या गाडीतल्या उपकरणाचं) तेवढ्यावर समाधान होतं. उरलेल्या तीन चाकांचे ब्रेक मेलेले असतात, आणि ते कळतं घाटात, उतारावर, मागून ढकलल्यासारखं वाटायला लागल्यावर.

अमेरिका-कॅनडात ट्रॅव्हल ट्रेलर ओढणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा लेख आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॅराव्हॅनवाल्यांनाही तो बराचसा लागू पडेल, कारण तिथेही ब्रेक याच जातीचे, म्हणजे विजेवर चालणारे असतात. युरोपातल्या कॅराव्हॅनना मात्र बहुधा ढकलण्याच्या जोरावर चालणारे यांत्रिक ब्रेक असतात, त्यांना यातलं फारसं काही लागू नाही.

ब्रेकची तक्रार आली की लोक पहिल्यांदा मल्टिमीटर काढतात, चाकाजवळच्या तारेवर बारा व्होल्ट दिसतात, आणि ‘वायरिंग ठीक आहे’ असा निकाल लागतो. हा निकाल बऱ्याच वेळा चुकीचा असतो. का, ते समजण्यासाठी आधी ब्रेकच्या पोटात काय चालतं ते बघू.

आत काय असतं

प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये दोन ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानी) असतात आणि खाली एका लिव्हरच्या टोकाला विजेचा मॅग्नेट बसवलेला असतो. ड्रमच्या आतल्या सपाट तोंडासमोर हा मॅग्नेट असतो. करंट मिळाला की तो त्या फिरत्या तोंडाला चिकटू पाहतो, ड्रम त्याला फिरण्याच्या दिशेने ओढतो, त्याबरोबर लिव्हर हलतो आणि लिव्हरच्या वरच्या टोकाचा कॅम शू बाहेर ढकलतो. म्हणजे ब्रेक दाबायची ताकद चाकाच्या फिरण्यातून येते, विजेचं काम फक्त मॅग्नेट चिकटवण्याचं.

यातून दोन गोष्टी ओघाने येतात. उभ्या ट्रेलरला कितीही करंट दिला तरी शू दाबले जात नाहीत, त्यामुळे उभ्या गाडीत ‘ब्रेक लागला का’ हे हाताला कळत नाही. आणि पार्किंगमध्ये मुंगीच्या गतीने चालताना हे ब्रेक मवाळ वाटतात, तो दोष नव्हे.

सुमारे ३,५०० पाउंडांच्या अ‍ॅक्सलवर बहुधा १० इंची ब्रेक असतात आणि ५,२०० ते ७,००० पाउंडांच्या अ‍ॅक्सलवर १२ इंची. दोन्हींच्या मॅग्नेटचा रोध थंड असताना साधारण ३.२ ओहम असतो. छोट्या ७ इंची ब्रेकच्या मॅग्नेटचा ३.९ ओहमच्या आसपास. अ‍ॅक्सल बनवणाऱ्या डेक्स्टर कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात १० आणि १२ इंची ब्रेकसाठी प्रत्येक मॅग्नेटला ३ अँपिअर धरलेले आहेत, म्हणजे दोन ब्रेकना ६, चारांना १२, सहांना १८. बॅटरी पूर्ण भरलेली आणि मॅग्नेट थंड असले तर प्रत्यक्षात आकडा थोडा वर जातो, चार ब्रेकना १३-१४ अँपिअर दिसले तर घाबरू नये. मॅग्नेट तापला की रोध वाढतो आणि करंट उतरतो.

मॅग्नेटला दोन तारा असतात आणि त्यांच्यात प्लस-मायनस असा भेद नसतो. एक निळ्या तारेला, म्हणजे ब्रेकच्या पुरवठ्याला जाते, दुसरी पांढऱ्या तारेला, म्हणजे ग्राउंडला. सगळे मॅग्नेट समांतर जोडलेले असतात. एक तुटला तरी बाकीचे चालू राहतात, आणि म्हणूनच बिघाड महिनोन् महिने लपून राहतो.

व्होल्टेज का फसवतं

गावाकडे लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात विहिरीवरची मोटर सुरू झाली की दिवे मंद होतात. मोटर बंद असताना तिथेच मीटर लावला तर व्होल्टेज चांगलं दिसतं. ट्रेलरमध्येही हेच घडतं. तार बारीक असेल किंवा जोड गंजलेला असेल, तरी करंट वाहत नाही तोवर तिच्यात व्होल्टेज पडत नाही. मॅग्नेट सुटा करून नुसत्या तारेला मीटर लावला की १२.६ व्होल्ट दिसणारच, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच ओढत नाही.

आकडे घालून पाहू. चार मॅग्नेट समांतर, म्हणजे एकूण रोध ०.८ ओहम. बॅटरीपासून अ‍ॅक्सलपर्यंत २५ फूट, जाऊन-येऊन ५० फूट तार. १० गेजची तार (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक) असेल तर तिचा रोध सुमारे ०.०५ ओहम, करंट जवळपास १४.८ अँपिअर, आणि वाटेत पाऊण व्होल्टाच्या आत नुकसान. तीच तार १६ गेजची असेल तर रोध ०.२ ओहम, करंट १२.६ वर येतो आणि मॅग्नेटपाशी जेमतेम १० व्होल्ट पोहोचतात. त्यात ग्राउंडच्या गंजलेल्या स्क्रूने अर्ध्या ओहमची भर घातली की करंट साडेआठ अँपिअरच्या खाली घसरतो आणि मॅग्नेटच्या वाट्याला साधारण ६.७ व्होल्ट उरतात. मॅग्नेट चिकटण्याचा जोर करंटवर ठरतो, तेव्हा ब्रेक किती ढिले पडले असतील याचा अंदाज यावरून येईल. आणि अर्धा ओहम म्हणजे काय, तर घरगुती मल्टिमीटरच्या प्रोबच्या तारांचाच रोध अनेकदा तेवढा असतो. म्हणून गाडी आणि ट्रेलरची वायरिंग जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगवर ओहम मोजून ‘सगळं बरोबर’ म्हणण्यालाही आम्ही फार किंमत देत नाही.

मोजायचा तो करंट, आणि व्होल्टेज मोजायचंच असेल तर करंट वाहत असताना.

काय लागेल

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (तार न तोडता तिच्याभोवती अडकवून करंट मोजणारा) ही एकच वस्तू खास विकत घ्यावी लागते. दुकानातले बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, ते इथे निरुपयोगी. डब्यावर डीसी अँपिअर लिहिलेलं आहे ना, ते पाहूनच घ्या. साध्या मल्टिमीटरची करंट मोजायची हद्द बहुधा १० अँपिअर असते. तो चार ब्रेकच्या मुख्य तारेत जोडला तर त्याचा फ्यूज उडेल, पण एका चाकाच्या तारेत लावून ३-४ अँपिअर मोजायला चालतो.

याशिवाय मल्टिमीटर, जॅक, चांगले जॅक स्टँड, चाकांना लावायच्या उटी (पाचरी), ब्रेक अ‍ॅडजस्ट करायचा वाकडा चमचा, टॉर्क रेंच, आणि आतून गोंद असलेले हीट-श्रिंक जोड. गोंदाचे जोड हवेतच, कारण अ‍ॅक्सलजवळ रस्त्यावरचं पाणी आणि हिवाळ्यातलं मीठ सतत उडत असतं.

आधी गाडी आणि ट्रेलर वेगळे काढा

बिघाड पिकअपमध्ये आहे की ट्रेलरमध्ये, हे दोन मिनिटांत कळतं. त्यासाठी ट्रेलरचा ब्रेकअवे स्विच वापरायचा. ट्रेलर गाडीपासून तुटला तर केबलने याची पिन ओढली जाते आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी सगळ्या मॅग्नेटना थेट जोडली जाते. मधे कंट्रोलर नाही, पेडल नाही, पूर्ण ताकद.

चाकांना उटी लावा. सात पिनांचा प्लग गाडीतून काढा, हे विसरू नका. प्लग जोडलेला असताना पिन ओढली तर बॅटरीचा पुरवठा निळ्या तारेतून उलटा कंट्रोलरकडे जातो, काही कंट्रोलर त्याने खराब होऊ शकतात, आणि मापही धड मिळत नाही. ट्रेलरला घरची वीज जोडलेली असेल तर तीही काढा. बॅटरीचं व्होल्टेज बघा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास असेल, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे दिशाभूल करतील. लिथियम बॅटरीचं व्होल्टेज थोडं वर असतं, त्या प्रमाणात करंटही वर जाईल.

आता क्लॅम्प मीटर शून्यावर आणून ब्रेकअवे स्विचपासून निघणाऱ्या निळ्या तारेभोवती अडकवा. फक्त त्याच एका तारेभोवती. निळी आणि पांढरी दोन्ही एकत्र पकडल्या तर मीटर शून्य दाखवेल. पिन ओढा, पाच-दहा सेकंदांत आकडा वाचा, पिन परत बसवा. पिन ओढून ठेवून चहाला जाऊ नका. मॅग्नेट तापतात आणि बॅटरी उतरते. काही जण हा पार्किंग ब्रेक म्हणून रात्रभर वापरतात. वर सांगितल्याप्रमाणे उभ्या चाकाला तो नीट धरतही नाही, आणि सकाळी बॅटरी संपलेली असते.

आकडा अपेक्षेइतका आला तर ट्रेलरची वीज ठीक आहे. दोष गाडीत, प्लगमध्ये किंवा ड्रमच्या आतल्या यांत्रिक भागात. आकडा कमी आला तर दोष ट्रेलरमध्येच आहे. शून्य आला तर ब्रेकअवे स्विचवरच पहिला संशय घ्या, कारण तो वर्षानुवर्षं पावसात असतो आणि आतून गंजतो. २० अँपिअरचा फ्यूज घातलेल्या तारेने बॅटरीचा प्लस थेट निळ्या तारेला क्षणभर जोडून पाहा. करंट आला तर स्विच बदला, आणि तोवर ट्रेलर रस्त्यावर नेऊ नका. बहुतेक राज्यांत ३,००० पाउंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक बंधनकारक असतात, काही राज्यांत मर्यादा त्याहून खाली आहे, आणि ब्रेकअवेची अटही अनेक ठिकाणी सोबत येते.

आकडा काय सांगतो

चार ब्रेकच्या ट्रेलरवर १३ च्या जागी दहाच्या घरात करंट मिळाला तर एक मॅग्नेट किंवा त्याची तार तुटलेली आहे. साडेसहा मिळाला तर दोन गेले, बहुतेक वेळा एका अ‍ॅक्सलचा मिळून असलेला जोडच सुटलेला असतो. पाव, अर्धा, पाऊण अशा सरळ पायऱ्यांत उतरलेला करंट म्हणजे कुठेतरी पूर्ण तुटलंय. पायरीत न बसणारा आकडा, समजा साडेआठ किंवा अकरा, आणि चारही चाकं थोडी थोडी करंट घेतायत, तर मुख्य तारेत किंवा ग्राउंडमध्ये रोध आहे. ही खूण ध्यानात ठेवली तर निम्मी शोधाशोध वाचते.

करंट २० च्या वर उडाला किंवा फ्यूज गेला तर शॉर्ट आहे. आकडा उभ्या ट्रेलरवर बरोबर येतो पण खड्ड्यातून जाताना कंट्रोलर दोष दाखवतो, तर पुढच्या परिच्छेदातल्या जागेकडे थेट जा.

ती जागा म्हणजे अ‍ॅक्सलची पोकळ नळी. अनेक कारखाने एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारी तार या नळीच्या आतून नेतात. नळीच्या आत तिला कुठे बांधलेलं नसतं, त्यामुळे हजारो मैल ती लोखंडावर घासत राहते. आवरण झिजतं, तांबं उघडं पडतं आणि धक्का बसला की क्षणभर शॉर्ट होतो. उभ्या ट्रेलरवर हा दोष सापडत नाही. संशय असेल तर ट्रेलरच्या खाली हातोडीने अ‍ॅक्सलवर हलके ठोके मारत मीटरकडे पाहा. सापडला तर नळीतली जुनी तार ओढून काढून दुरुस्त करत बसण्यापेक्षा ती दोन्हीकडून कापून तिथेच सोडा आणि नवी तार अ‍ॅक्सलच्या बाहेरून, नळकांडीत घालून, पट्ट्यांनी बांधून न्या. चार ब्रेकच्या मुख्य तारेसाठी १० गेज, चाकांच्या फांद्यांसाठी १२ गेज पुरे.

दुसरी बदनाम जागा म्हणजे तार न सोलता चिमटून बसवायचे प्लॅस्टिकचे जोड. ते दोनचार हिवाळ्यांत आतून हिरवे पडतात. दिसतील तेवढे कापून टाका. तिसरी जागा ग्राउंड. पांढरी तार एखाद्या पत्र्याच्या स्क्रूने रंगवलेल्या चासीला लावलेली असते. तिथला रंग खरवडून, गोल टर्मिनल आणि बोल्टने ती पक्की करा, आणि चाकांची ग्राउंड तार चासीवर न विसंबता थेट पुढच्या जोडपेटीतल्या मुख्य पांढऱ्या तारेपर्यंत आणता आली तर उत्तम.

रोध नेमका कोणत्या बाजूला आहे हे शोधायचं असेल तर करंट वाहत असताना व्होल्टेज मोजा. एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरी लांब तार लावून चाकाजवळच्या निळ्या जोडावर. मिळालेला आकडा म्हणजे निळ्या वाटेत वाया गेलेलं व्होल्टेज. तसंच बॅटरीच्या मायनसपासून चाकाच्या पांढऱ्या जोडापर्यंत. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. एका बाजूला दोन-तीन व्होल्ट सापडले की त्या वाटेवर मधल्या मधल्या जोडांवर प्रोब सरकवत जा. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम उडी मारतो, तोच दोषी.

एकेक चाक

कोणत्या चाकाचा करंट गायब आहे ते शोधायला क्लॅम्प मीटर प्रत्येक चाकाच्या फांदीवर लावत जा. क्लॅम्प नसेल तर चाकाजवळ होकायंत्र धरायची जुनी युक्ती आहे. मॅग्नेटमध्ये करंट आला की सुई हलते. पण सुई हलण्यातून करंट ‘आहे’ एवढंच कळतं, ‘पुरेसा आहे’ हे नाही.

मॅग्नेटच्या दोन्ही तारा सोडवून ओहम मोजा. आधी प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा रोध बघा आणि तो वजा करा. ३.२ च्या आसपास मिळायला हवा. अनंत म्हणजे आतली कॉइल तुटली. १-२ ओहम म्हणजे आतले वेढे एकमेकांत शॉर्ट झाले. मग एक प्रोब मॅग्नेटच्या धातूच्या अंगाला आणि दुसरी तारेला लावा. इथे काहीही रोध दिसता कामा नये, दिसला तर कॉइलचा अंगाशी शॉर्ट आहे आणि मॅग्नेट बदलायचा. बदलताना एका अ‍ॅक्सलचे दोन्ही मॅग्नेट एकदम बदला, नाहीतर ट्रेलर एका बाजूला खेचेल.

वीज ठीक, तरी ब्रेक ढिले

आता ड्रम उघडायचा. जॅक चासीला लावा, अ‍ॅक्सलच्या नळीला नाही. नळी वाकली तर चाकांचा कोन कायमचा बिघडतो. ट्रेलर स्टँडवर ठेवल्याशिवाय खाली हात घालू नका. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनर मारून पुसून घ्या.

पहिली नजर ग्रीसवर. बऱ्याच अ‍ॅक्सलना हबच्या टोकाला ग्रीस भरायची सोय असते. चाक न फिरवता, गनचा दांडा भराभर दाबत ग्रीस भरलं की ते मागचं सील फोडून थेट शूवर येतं. ग्रीस प्यायलेलं लायनिंग धुऊन वाचत नाही. कधी ते घसरतं, तर कधी उलट अचानक पकडून चाक जाम करतं. शू बदला, सील नवं बसवा, ड्रम आणि मॅग्नेट मात्र स्वच्छ करून वापरता येतात.

लायनिंग (शूवरचा घासणारा थर) एक सोळांश इंच किंवा त्याहून पातळ उरलं असेल तर शू बदला. मॅग्नेटच्या तोंडावर पट्टी ठेवून बघा, ते सपाट असायला हवं. एका कडेला जास्त झिजलं असेल किंवा तांब्याची तार डोकावत असेल तर तो गेला. एकाच बाजूची झीज बहुधा लिव्हरच्या मुळाशी ढिलाई आल्याने होते, म्हणून लिव्हरही हलवून पाहा. ड्रममधलं मॅग्नेटचं तोंड एकसारखं चकचकीत असावं. खोल चरे पडले असतील तर खराद्यावर साफ करून घ्या आणि त्याबरोबर मॅग्नेट नवे घाला. जुना मॅग्नेट नव्या तोंडावर नीट बसत नाही. शू जिथे घासतात तो पृष्ठभाग खरादताना १० इंची ड्रम १०.०९० आणि १२ इंची ड्रम १२.०९० इंचांपलीकडे न्यायचा नाही.

कामाला सुरुवात करण्याआधी बॅकिंग प्लेट (शू आणि मॅग्नेट जिच्यावर बसतात ती मागची तबकडी) डावी-उजवी अदलाबदल झालेली नाही ना, तेही बघून घ्या. आखूड लायनिंगचा शू ट्रेलरच्या पुढच्या दिशेला असतो. सगळ्या प्लेट बदलून घेतल्यानंतर ‘नवे ब्रेक जुन्यांपेक्षाही ढिले’ अशी तक्रार आली की ही तपासणी आधी करावी.

अ‍ॅडजस्टमेंट

ढिल्या ब्रेकचं सगळ्यात साधं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि लोक याकडे शेवटी येतात. लायनिंग झिजत जातं तसं शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. लिव्हरला तेवढं अंतर कापायला जास्त हलावं लागतं, आणि एका मर्यादेनंतर त्याची चालच संपते. मग करंट कितीही असो, शू ड्रमपर्यंत पोहोचतच नाहीत. नव्या ट्रेलरचे ब्रेक पहिल्या २०० मैलांनंतर आणि पुढे दर ३,००० मैलांनी अ‍ॅडजस्ट करायला कारखाने सांगतात.

चाक उचला. बॅकिंग प्लेटच्या तळाशी असलेल्या फटीवरचं रबरी बूच काढा. आत दात असलेली चकती दिसेल. चमच्याने ती फिरवत शू पसरवा, चाक हाताने मुश्किलीने फिरेल इतपत. मग उलट फिरवा, चाक मोकळं फिरेल आणि शू अगदी हलके घासल्याचा आवाज येईल इथवर. चाक नेहमी पुढच्या दिशेने फिरवा. सगळ्या चाकांना सारखंच घासणं यायला हवं. आपोआप अ‍ॅडजस्ट होणाऱ्या ब्रेकना ही कसरत एरवी लागत नाही, पण शू नवे घातले असतील तर पहिलं बसवणं त्यांनाही हातानेच करून द्यावं, आणि जुन्या ट्रेलरमध्ये त्यांची यंत्रणा गंजून अडकलेली नाही ना ते पाहावं.

चाक वर आहेच, तर मदतनिसाकडून कंट्रोलरचा हाताचा दांडा (पेडल न दाबता फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारा) सरकवून घ्या आणि चाक फिरवत राहा. ते जोरात अडकायला हवं. हीच ती एकमेव उभ्या ट्रेलरवरची चाचणी, जिच्यात वीज आणि यंत्र दोन्ही एकदम तपासले जातात.

हब काढला असेल तर बेअरिंगचा नट हब फिरवत सुमारे ५० फूट-पाउंडांना आवळा, पूर्ण ढिला करा, मग हब न फिरवता फक्त बोटांनी घट्ट करून नवी कॉटर पिन घाला. बेअरिंग सैल राहिलं तर ड्रम डुगडुगतो आणि मॅग्नेट तिरके झिजतात.

दोष गाडीत असेल तर

बाहेरून बसवलेल्या कंट्रोलरला चार तारा असतात. काळी बॅटरीच्या प्लसकडून सर्किट ब्रेकरमार्फत येते, पांढरी बॅटरीच्या मायनसला जाते, लाल तार ब्रेक लाइटच्या स्विचकडून खबर आणते आणि निळी ट्रेलरकडे जाते. दांडा सरकवल्यावर ट्रेलर धरतो पण पेडलला धरत नाही, तर लाल तार किंवा ब्रेक लाइटचा फ्यूज बघा. दोन्हींना धरत नाही, तर काळी, पांढरी आणि सर्किट ब्रेकर.

कंट्रोलर व्होल्टेज कमी-जास्त करत नाही, तो पूर्ण पुरवठा झपाझप चालू-बंद करतो. साधा मीटर त्याची सरासरी दाखवतो, म्हणून पेडल अर्धं दाबून मिळालेल्या आकड्याला अर्थ नाही. दांडा पूर्ण टोकाला सरकवून, गेन (ट्रेलरच्या ब्रेकना किती जोर द्यायचा ते ठरवणारं कंट्रोलरचं सेटिंग) कमाल ठेवून, ट्रेलर जोडलेला असतानाच मोजा. ट्रेलर नसताना बरेच कंट्रोलर पूर्ण पुरवठा देतच नाहीत, त्यामुळे रिकाम्या सॉकेटवर शून्य पाहून कंट्रोलर बदलण्याची घाई करू नका. आणि सॉकेटच्या पिना एकदा निरखून पाहा. हिरवट थर, वाकलेली पाती, आत साचलेलं पाणी, हे सगळं कंट्रोलरपेक्षा कितीतरी स्वस्तात दुरुस्त होतं. कोणी आधी दुरुस्ती केली असेल तर तारांच्या रंगावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक पिन मीटरने ओळखा.

रस्त्यावर

मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी २० ते २५ मैलांनी चालत फक्त दांडा पूर्ण सरकवा. ट्रेलरने गाडीला मागे खेचल्याचं स्पष्ट जाणवायला हवं. गेन थोडा थोडा वाढवत चाकं घसरायच्या बेताला आणा, मग एक पायरी खाली या. भरलेल्या ट्रेलरचा गेन रिकाम्याला जास्त होतो, तेव्हा वजन बदललं की पुन्हा लावा.

नवे शू किंवा मॅग्नेट घातले असतील तर सुरुवातीला ब्रेक कमकुवत वाटतील. ताशी ४० वरून २० मैलांपर्यंत असं २० ते ३० वेळा हळूहळू उतरवा, मधे ब्रेक निवू द्या. लायनिंग ड्रमवर बसलं की पकड येते आणि मग गेन पुन्हा लावावा लागतो.

परतल्यावर चारही हबना हात जवळ नेऊन बघा, चिकटवू नका. एक इतरांपेक्षा फार गरम असेल तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग चुकलंय. एक थंडच असेल तर ते चाक काम करत नाही. इन्फ्रारेड तापमापक असेल तर फरक आकड्यात मिळतो.

शेवटी चाकांचे नट. अर्धा इंची स्टडवर ते तीन टप्प्यांत, २०-२५, मग ५०-६०, मग ९० ते १२० फूट-पाउंडांना, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. चाक एकदा काढलं की नट पहिल्या काही मैलांत ढिले होतात, त्यामुळे १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून टॉर्क रेंच पुन्हा फिरवा.